घट्ट वळणावर मोठं वाफेचं इंजिन: अडणारा मिलिमीटर कुठे शोधायचा

मॉडेल रेल्वेतलं एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७) ४-८-४ इंजिन, म्हणजे पुढे ४, मध्ये ८ चालक आणि मागे ४ चाकं असलेलं, ४५७ मिमी त्रिज्येच्या, म्हणजे सगळे ज्याला अठरा इंची म्हणतात त्या वळणावर घातलं, की शिरताशिरता ते सहसा पडत नाही. इंजिन आत येतं, मागून दोन डबे येतात, आवाज जरा जड होतो आणि मग मधल्या एखाद्या ॲक्सलचं चाक अलगद रुळाच्या डोक्यावर चढतं. पुढे सगळं आडवं. अशा वेळी ‘वळणच लहान आहे’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. खरं तर कुठेतरी एखादा मिलिमीटर अडलेला असतो, आणि तो रुळात आहे, चेसिसमध्ये आहे, पुढच्या ट्रकमध्ये (चालक नसलेल्या चाकांच्या लहान गाड्यात) आहे की टेंडरच्या (कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्याच्या) दांडीत, हे मोजून कळतं.

खोक्यावर छापलेली ‘किमान त्रिज्या’ जपून वाचावी. तेवढ्या वळणावरून इंजिन एकटं, सरळ दिशेने, सपाट रुळावर निघून जातं, इतकाच तिचा अर्थ. पंधरा डबे ओढत, मागे ढकलत किंवा चढावर ते टिकेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

आधी हिशेब

ताठ चेसिसच्या पहिल्या आणि शेवटच्या चालक ॲक्सलमधलं अंतर मिमीमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या ८ पटीने भागा. येणारा आकडा म्हणजे टोकाच्या चाकांच्या मानाने मध्यावरचा रूळ बाहेर किती सरकतो ते अंतर. पाच ॲक्सलच्या इंजिनात मधला ॲक्सल बरोबर मध्यावर येतो, म्हणून ८. समान अंतरावरचे चार ॲक्सल असतील तर मध्यावर कोणीच नसतं, तिथे ८ ऐवजी ९ घ्यायचे.

पाच चालक ॲक्सल आणि ९० मिमी अंतर धरू. ४५७ मिमी वळणावर उत्तर येतं २.२ मिमी, ५५९ वर १.८, ७६२ वर १.३. आता रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. चाकांच्या पाठींमधलं अंतर सुमारे १४.४ आणि दोन्ही फ्लँजची (चाकाच्या आतल्या उभ्या कडेची) जाडी मिळून साधारण १.५, म्हणजे १५.९. चाकाला रुळात मोकळीक उरली जेमतेम ०.६ मिमी. अठरा इंची वळणावर हवेत २.२, मिळाले ०.६. उरलेले १.६ मिमी ॲक्सलच्या आडव्या प्लेमधून (बाजूला सरकण्याच्या मोकळिकीतून) काढावे लागतात. मधल्या ॲक्सलचा एका बाजूचा प्ले आणि टोकाच्या ॲक्सलचा एका बाजूचा प्ले, यांची बेरीज निदान तेवढी भरली पाहिजे. भरत नसेल तर मधल्या ॲक्सलचं आतल्या बाजूचं चाक आतल्या रुळावर दाबलं जातं आणि चढतं.

चार ॲक्सलच्या ४-८-४ ला हाच हिशेब बराच सोपा जातो. ७७ मिमी अंतर असेल तर ४५७ वर १.४ मिमी लागतात, त्यातले ०.६ रुळातच मिळतात. त्यामुळे लांबलचक दिसणारं ४-८-४ निघून जातं आणि त्याहून आखूड दिसणारं २-१०-२ त्याच जागी पडतं, हा प्रकार नेहमीचा. इंजिनाच्या एकूण लांबीपेक्षा ताठ ॲक्सलांचं अंतर पाहावं.

रूळ

इंजिन उलटं करण्याआधी रूळ तपासा. इंजिन कापून बसलेल्या बऱ्याच जणांचा दोष शेवटी एका सांध्यात सापडतो.

फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) घट्ट वाकवला की दोन गोष्टी होतात. रूळ आतून झुकतात आणि गेज (रुळांमधलं अंतर) कमी होतं. शिवाय सांध्यापाशी रुळाला वाकायचं नसतं, तो सरळच राहतो आणि तिथे कोन पडतो. गेजसाठी एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची) पत्र्याची मापपट्टी घ्या आणि वळणावर दर ५० मिमीला टेकवत जा. १६.५ च्या खाली कुठेही चालणार नाही. उलट घट्ट वळणात मुद्दाम १६.८ पर्यंत रुंद ठेवलं तर वरच्या हिशेबातले ०.३ मिमी फुकट मिळतात. खऱ्या रेल्वेतही तीव्र वळणांवर गेज थोडं वाढवतात. त्यासाठी त्या भागातले प्लॅस्टिकचे चार-पाच स्लीपर काढून पीसीबीचे (तांब्याचा थर असलेल्या पट्टीचे) स्लीपर घालावेत आणि गेज लावून सोल्डरचा डाग द्यावा. आतला रूळ सरकवावा, बाहेरचा हलवू नये, कारण वळणाची गुळगुळीत रेषा बाहेरच्या रुळाने धरलेली असते.

कोन टाळायला दोन तुकडे आधी सरळ टेबलावर जोडून, फिशप्लेटसह डाग देऊन, मग एकत्र वाकवायचे. वाकवल्यावर आतला रूळ पुढे सरकतो, तेवढा नंतर कापायचा. थंड झाल्यावर सांध्याची आतली कड बारीक कानशीने दोन-तीन हात मारून साफ करा. बोटाचं नख फिरवून पाहा. नख अडलं तर फ्लँजही अडणार. मग डोळा रुळाच्या पातळीवर आणून, पलीकडे टॉर्च धरून, बाहेरच्या रुळावरून पाहा. वरून पाहताना न दिसणारा कोन उजेडाच्या रेषेत लगेच मोडलेला दिसतो.

सरळ रुळातून थेट ४५७ च्या वळणात जाणं हा मोठ्या इंजिनावरचा सर्वांत मोठा अन्याय. पुढचा ट्रक वळणात आणि चालक चाकं सरळ रुळावर, असा तो क्षण असतो. मध्ये संक्रमण वळण घाला. त्यासाठी वळणाची मूळ रेषा सरळ रेषेपासून थोडी आत सरकवावी लागते. किती, तर संक्रमणाच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची २४ पट. ५६० मिमी त्रिज्या आणि ३०० मिमी संक्रमण असेल तर ६.७ मिमी, म्हणजे सात धरा. लवचीक लाकडी पट्टी दोन्हीकडे खिळ्यांनी धरून मध्ये आपोआप पडेल त्या आकारात रेघ मारली की पुरे, गणिती वक्र काढत बसायची गरज नाही. यासाठी त्रिज्या २० मिमीने कमी करावी लागली तरी करावी. संक्रमण असलेलं ५४० चं वळण संक्रमण नसलेल्या ५६० पेक्षा इंजिनाला जास्त मानवतं.

बाहेरचा रूळ उंचावणं दिसायला छान असतं, पण घट्ट वळणावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त उंच करू नका. उंची चढताना रुळाला पीळ पडतो, आणि लांब ताठ चेसिसची चारही टोकं एकदम टेकत नाहीत.

चेसिस आणि वॉशर

आता इंजिन. बॉयलर उतरवून फक्त चेसिस फोमच्या पाळण्यात उलटं ठेवा. प्रत्येक ॲक्सल एका बाजूला दाबून चाकाची पाठ आणि फ्रेम यांच्यामध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचं) पान घाला. जो आकडा येईल तो त्या ॲक्सलचा एकूण प्ले, त्याचा अर्धा एका बाजूचा. सगळे आकडे कागदावर लिहा. पुष्कळदा मधल्या ॲक्सलला ०.४ आणि पहिल्याला १.० असा उलटा कारभार दिसतो.

पहिल्या चालक ॲक्सलला जास्त प्ले देणं धोक्याचं. तिथे क्रँकपिनचं (चाकाला दांडे जोडणाऱ्या पिनेचं) डोकं क्रॉसहेडच्या (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याच्या) मागून अगदी जवळून जातं. ॲक्सल बाहेर सरकला की पिन क्रॉसहेडला किंवा त्याच्या गाइडला आपटते. वळणावर इंजिन ‘टक... टक’ करत अडखळतं आणि सरळ रुळावर आलं की गुळगुळीत चालतं, तर नव्वद टक्के हेच. बोटाने पहिला ॲक्सल पूर्ण बाहेर दाबून धरा आणि चाक हळू फिरवा. पिन क्रॉसहेडच्या मागे येते त्या जागी भिंगातून पाहा. कागद जाईल एवढी फट दिसली पाहिजे. नसेल तर पिनच्या स्क्रूचं डोकं कानशीने पातळ करा, किंवा ॲक्सलवर वॉशर घालून प्ले कमी करा.

वॉशरसाठी चाक उपसू नका. दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन बिघडला तर साइड रॉड (चालक चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) जाम होतात, आणि तो कोन परत बसवायला खास जिग लागतो. त्याऐवजी ०.२५ मिमी जाडीच्या स्टायरीनच्या शीटमधून घोड्याच्या नालेच्या आकाराचा वॉशर कापा आणि ॲक्सलवर बाजूने चेपून बसवा. मधल्या ॲक्सलना उलट काम करायचं: मूळचे वॉशर चिमट्याने कापून काढा, आणि पुरत नसेल तर बेअरिंगची बाहेरची कड दोन्हीकडे ०.२ ते ०.३ मिमी कानशीने उतरवा. कानस मारताना गिअरवर मास्किंग टेप लावा. पितळेचा कीस गिअरबॉक्सात गेला तर नवीन आवाज ऐकत बसावं लागतं. ज्या ॲक्सलवर मोटरचा गिअर आहे, त्याचा प्ले गिअरच्या रुंदीपेक्षा जास्त कधीही होऊ देऊ नये.

हे सगळं करूनही बेरीज भरली नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे मधलं चाक बिनफ्लँजचं करणं. याला खेळण्यातली लबाडी समजण्याचं कारण नाही. ब्रिटिश रेल्वेच्या २-१०-० रचनेच्या ९एफ वर्गात १९५४ ते १९६० दरम्यान २५१ इंजिनं बांधली गेली, त्या सगळ्यांचा मधला चालक ॲक्सल बिनफ्लँजचाच होता. पण १९३४ साली सोव्हिएत संघात बांधलेलं ४-१४-४ इंजिन पाहा. सात चालक ॲक्सल एका ताठ चौकटीत घातल्यावर रुळांचं काय होतं, ते त्याने दाखवून दिलं आणि त्याचा दुसरा भाऊ कधी बांधला गेला नाही.

बिनफ्लँजच्या चाकाचे दोन त्रास असतात. फार घट्ट वळणात बाहेरच्या बाजूचं चाक रुळाच्या आत इतकं सरकतं की रुळावरून खाली उतरतं, आणि वळण संपताना परत वर चढताना इंजिन उडी मारतं. चाकाची रुंदी २.८ मिमीच्या आसपास असेल तर हे सहसा होत नाही, बारीक चाकांचं मात्र होतं. दुसरा त्रास सांधेबदलावर, म्हणजे रूळ फाटतात तिथे. फ्रॉगपाशी (रूळ एकमेकांना छेदतात तिथे) दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ जवळजवळ येतात आणि फ्लँज नसलेलं चाक दोन्हीला एकदम टेकतं. क्षणभर शॉर्ट. ॲनालॉगवर ठिणगी उडते, डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) सगळा लेआउटच बंद पडतो. त्या टोकापासून १० मिमी लांबीवर रुळाच्या डोक्याला पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या. झिजला की परत द्यायचा.

पुढचा ट्रक, मागचा ट्रक

४-८-४ चा पुढचा ट्रक ४५७ च्या वळणावर मध्यरेषेपासून किती आत जातो? ट्रकचा मध्य पहिल्या चालक ॲक्सलच्या ४५ मिमी पुढे असेल तर जवळपास ६ मिमी. एचओमध्ये ६ मिमी म्हणजे पुष्कळ. एवढ्यात ट्रकचं चाक सिलिंडरच्या पाठीला, पायऱ्यांना किंवा समोरच्या जाळीला भिडतं. धातूचा सिलिंडर, धातूचं चाक, म्हणजे पुन्हा शॉर्ट, तोही फक्त एकाच दिशेच्या वळणावर. इंजिन डाव्या वळणावर बंद पडतं आणि उजव्यावर पडत नसेल तर वायरिंग उपसू नका. सिलिंडरच्या मागच्या बाजूला चकाकणारा ओरखडा शोधा. तिथे कॅप्टॉन टेप (वीजरोधक पातळ टेप) चिकटवा. अडत असेल तर सिलिंडरच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा अर्धा-पाऊण मिमी घासून काढा. पायऱ्या मात्र आतून घासता येत नाहीत. एक तर त्या किंचित बाहेर वाकवाव्या लागतात किंवा काढून ठेवाव्या लागतात. जे इंजिन धावायचं आहे त्याच्या पायऱ्या गेल्या तरी चालतात, असं आमचं स्पष्ट मत.

ट्रकच्या स्प्रिंगचा दाब हा नाजूक विषय आहे. दाब कमी असेल तर ट्रक सांध्यावर उडतो, जास्त असेल तर तो इंजिनाचं नाक उचलतो आणि पहिल्या चालक चाकांवरचं वजन जातं. मग पडतं चालक चाक आणि शिव्या खातो रूळ. तपासायची सोपी रीत: इंजिन जाड काचेवर ठेवा, पहिल्या चालक चाकाखाली झेरॉक्सच्या कागदाची बारीक पट्टी सरकवा आणि ओढा. पट्टी अडली पाहिजे. सहज सुटली तर स्प्रिंग जड आहे. एकेक वेटोळं कापत जा आणि दर वेळी पट्टी ओढून पाहा. स्प्रिंगऐवजी ट्रकवरच शिशाचा पातळ तुकडा चिकटवणं बऱ्याचदा जास्त बरं, कारण वजन खाली दाबतं पण इंजिनाला उचलत नाही.

मागचा ट्रक सहसा ॲशपॅनला (राखेच्या पेटीला) किंवा कॅबखालच्या पाइपांना अडतो. तिथे फार विचार नको. अडणारा पाइप ओळखा आणि आतून कापा.

दोन इंजिनं एका बॉयलरखाली

आता ४-८-८-४ आणि ४-६-६-४ सारखी सांध्याची इंजिनं. स्वित्झर्लंडचे अनातोल मॅले यांनी १८८४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत मागचं इंजिन बॉयलरला पक्कं असतं आणि फक्त पुढचं फिरतं. बिग बॉय नावाने ओळखली जाणारी ४-८-८-४ रचनेची २५ इंजिनं १९४१ ते १९४४ दरम्यान बांधली गेली. त्यांना २० अंशांच्या, म्हणजे साधारण ८८ मीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत जाता यावं अशी योजना होती. एचओमध्ये ती त्रिज्या एक मीटरच्या थोडी वर येते. आपण मागतो त्याच्या निम्मी.

म्हणून मॉडेलमध्ये पुष्कळदा दोन्ही इंजिनं फिरती करतात. तसं केलं की ४६५ मिमी लांबीचा बिग बॉय ५५९ वरून जातो, काही मॉडेलं ४५७ वरूनही. एका इंजिनाच्या चालक ॲक्सलांमधलं अंतर ६४ मिमीच्या आसपास, त्यामुळे चाकांना फारशी तक्रार नसते. किंमत मोजतो बॉयलर: त्याचं नाक वळणाच्या बाहेर लटकतं आणि कॅब मागून दुसऱ्या ट्रॅकवर डोकावते.

इथले खास दोष थोडे वेगळे असतात. दोन इंजिनांमधला ड्राइव्हशाफ्ट कमाल कोनात गेला की त्याचा जोड कपातून निसटतो किंवा करकरतो. चेसिस हातात धरून दोन्ही इंजिनं पूर्ण वळवा, मोटरला कमी व्होल्टेज द्या आणि ऐका. शिवाय पुढच्या इंजिनावर बॉयलरचं वजन ज्या पट्टीवर घसरतं, तिथे रंगाचा थर असतो. रंग चिकटतो, इंजिन वळणातून बाहेर आल्यावर सरळ होत नाही आणि सरळ रुळावर पडतं. तिथला रंग घासून काढा आणि ग्रॅफाइटची पूड बोटाने चोळा. तेल नको, त्यावर धूळ बसते.

टेंडर आणि तारा

इंजिन-टेंडरमधली दांडी जवळच्या भोकात लावली की फोटो छान येतो आणि वळणावर कॅबचा कोपरा टेंडरला भिडतो. सर्वांत घट्ट वळणावर इंजिन उभं करून दोघांच्या जवळ येणाऱ्या कोपऱ्यांमध्ये अर्धा मिमी जाड कार्ड घाला. कार्ड हलत असेल तर ठीक, नाहीतर लांबचं भोक. मधल्या तारांचंही तसंच. जाड आवरणाच्या ताठ तारा टेंडरचा पुढचा ट्रक उचलतात. सिलिकॉन आवरणाच्या मऊ तारा वापरा आणि ८ ते १० मिमी जादा ठेवून खाली लोंबू द्या.

पाच ताठ ॲक्सल असलेले ‘सेंटिपीड’ टेंडर इंजिनापेक्षा जास्त पडतात, आणि दोष इंजिनाला मिळतो. वरचा हिशेब त्यांनाही तसाच लावा: मधल्या ॲक्सलना आडवा प्ले, टोकाच्यांना कमी. टेंडर रिकामं आणि हलकं असेल तर तळाशी वजन घाला. त्याच्या मागच्या कपलरला (डबे जोडणाऱ्या आकड्याला) लांब दांडी लावा, उदाहरणार्थ कॅडी कंपनीचा १४८ ऐवजी १४६. आखूड दांडी वळणावर मागच्या डब्याला बाजूला ओढते.

जागा किती खातं

इंजिनाच्या नाकाला आणि कॅबच्या कोपऱ्याला टेपने पेन्सिलीचं टोक खाली करून बांधा. वळणाखाली कागद अंथरा आणि हाताने ढकलत पूर्ण वळण फिरवा. मग ताठ डब्याच्या मध्यालाही एक पेन्सिल. पडलेल्या दोन टोकाच्या रेघांमध्ये बोगद्याची भिंत, सिग्नल, शेजारचा ट्रॅक काहीही येता कामा नये. ट्रकांमधलं अंतर २०८ मिमी असलेला लांब प्रवासी डबा ५५९ वर मध्यभागी जवळपास १० मिमी आत झुकतो. सरळ भागात दोन ट्रॅकमध्ये ५० मिमी ठेवत असाल, तर अशा वळणावर मोठ्या इंजिनासाठी ६५ पासून सुरुवात करा आणि रेघा सांगतील तसं वाढवा.

सांधेबदलाचं गणितही याच जातीचं. ४ क्रमांकाच्या सांधेबदलामधला (टर्नआउटमधला) आतला वक्र सुमारे ३८० मिमी त्रिज्येचा असतो, म्हणजे तुमच्या मुख्य वळणाहूनही घट्ट. ६ क्रमांकाचा जवळपास १०९०. मोठं इंजिन जिथून रोज जाणार तिथे ६ घालावा. आणि डावं वळण संपताच उजवं सुरू होत असेल तर मध्ये निदान ३०० मिमी सरळ रूळ ठेवा.

चढावर वळण असेल तर ओझं कमी करा. एचओतला ढोबळ नियम असा की ८१३ ला मिमीमधल्या त्रिज्येने भागलं की वळणाचा प्रतिकार टक्क्यांच्या चढात मिळतो. ४५७ वर तो सुमारे १.८. दोन टक्क्यांचा चढ इंजिनाला पावणेचार टक्क्यांसारखा लागतो. डबे जास्त असतील आणि मधले हलके असतील तर ते आतल्या बाजूला ताणून पाडले जातात. म्हणून हलके रिकामे वॅगन नेहमी मागे जोडा.

चाचणी घेताना आधी एकट्या इंजिनाने, रांगत्या गतीने, दोन्ही दिशांना आणि उलट्या तोंडानेही जा. मग टेंडर, मग पाच डबे, मग पूर्ण गाडी, मग तीच गाडी मागे ढकलत. पडलं की लगेच उचलू नका. फोन रुळाच्या पातळीवर ठेवून पुढची फेरी स्लो मोशनमध्ये घ्या आणि कोणतं चाक आधी चढलं ते पाहा. रुळावर त्या जागी खडूची खूण करा. सगळी इंजिनं एकाच खुणेवर पडत असतील तर रूळ, एकच इंजिन सगळीकडे पडत असेल तर इंजिन. एकच इंजिन एकाच खुणेवर पडत असेल तर दोघांचे अर्धे-अर्धे मिलिमीटर एकत्र आलेले असतात. तिथे आधी रूळ सुधारा, कारण इंजिनाचा घासलेला धातू परत लावता येत नाही.